मामांच्या लॉनवर चारशेच माणसं

माझं माहेर कराडकडचं. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. तेव्हा वसईजवळ जूचंद्रच्या सासरी पाऊल ठेवल्या ठेवल्या मी काळूराम भोईरांना चारचौघांत 'मामा' अशी हाक मारली. झालं! अर्ध्या गावाने समजूत करून घेतली की काळूरामने सख्खी भाचीच सून करून आणली. उरलेल्या अर्ध्या गावाला ते नाव आवडलं. आता शेंबडं पोरदेखील त्यांना मामाच म्हणतं, आणि मामा त्यावर खूश. हा माणूस कशावर नाखूश होतो ते मला अजून कळायचंय.

दारावरून कोणी चाललेला दिसला की मामांनी त्याला आत ओढलाच म्हणून समजा. विजेचं मीटर बघायला येणारा माणूस आमच्याकडे आधी बोंबलाचं कालवण ओरपतो, मग ओट्यावर घटकाभर आडवा होतो आणि उठल्यावर आठवलंच तर मीटर बघतो. लग्न होऊन आले तेव्हा मी सासूबाईंना विचारलं होतं, "आई, भात किती माणसांचा लावू?" तर त्यांनी माझ्या तोंडावरच हात ठेवला. म्हणाल्या, "अगो, जेवनारी मानसं मोजू नयेत. घरची बरकत जाते." आमच्या कराडात भाकरीसुद्धा मोजून थापतात! पण म्हटलं, देश तसा वेश. लावला भात टोपभर, आणि संपला मेला.

अशा माणसाने जागा भाड्याने द्यायचा धंदा काढावा, ह्याला काय म्हणायचं? पण काढला. चहूबाजूंनी इमारती उठल्या, खाडीचं पाणी शेतात येऊन मुरायला लागलं, भात धड होईना. तेव्हा माझा नवरा प्रितेश म्हणाला, भराव टाकू, लॉन करू. कडेने खरं गवत, मध्ये हिरवा गालिचा, पुढे कमान आणि कमानीवर सासूबाईंचं नाव. 'सत्यवती लॉन'. सासूबाई महिनाभर त्या बाजूने गेल्या नाहीत. गावभर आपलं नाव दिव्यांनी लुकलुकतंय म्हणून लाजत होत्या.

बारशी, साखरपुडे, हळदी असं छान चाललं होतं. मग एक दिवस विकी आला. विकीचा धंदा पार्ट्यांचा. जागा भाड्याने घ्यायची, डीजे आणायचा, मोबाईलवर तिकिटं विकायची, आणि सगळ्याला 'नाईट' म्हणायचं. उजेडात सुरू झाली तरी नाईटच. मामांना त्याने पहिल्या भेटीत वाकून नमस्कार केला, तिथेच आमचा घात झाला.

त्या संध्याकाळी विकीने जागेत मावतील त्याहून कितीतरी जास्त तिकिटं विकलेली. आत मुंगी शिरायला जागा नाही आणि बाहेर रस्त्यावर पोरापोरींचा हा घोळका. विकीच्या माणसांनी फाटक लावून घेतलं होतं. तेवढा एक शहाणपणा त्यांनी केला होता हो! पण मामा तिथून जात होते. पोरं म्हणाली, "काका, विरारवरून आलोय." मामांचं काळीज लोण्याचं. "बिचारी लांबशी आल्यात, उपाशी असतील," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने फाटक उघडलं. तिथे जेवण नव्हतंच, नुसता धांगडधिंगा होता, पण मामांच्या डोक्यात फाटक म्हणजे आत या आणि जेवा.

लोंढा आत घुसला. मागे पत्र्याचं कुंपण होतं, ते रेटारेटीत आडवं झालं आणि त्याखाली एलिना नावाच्या कॉलेजातल्या मुलीचा पाय सापडला. मोडला. आणखी काही झालं नाही ही गावदेवी चंडिकेची कृपा. विकीचा फोन त्या क्षणापासून बंद. पालिकेने लॉनला सील ठोकलं, आणि बरोबर केलं. मी तरी तेच केलं असतं.

मामा पार खचले. कोणी त्यांना बोल लावला नाही, सगळे विकीला शिव्या घालत होते. पण मामा एकच सांगायचे, "फाटक मी उघडलं." खेकड्याचा रस्सा हाडाला चांगला, म्हणून ते तो किटलीत घालून नायगाव पश्चिमेला एलिनाच्या घरी जायला लागले. पहिल्या दिवशी तिच्या आईने दार आपटलं. दुसऱ्या दिवशी किटली ठेवून घेतली. पुढे पुढे मिरी कमी पडल्याची तक्रार यायला लागली, तेव्हा मामांच्या जिवात जीव आला. पोरगी चालायला लागली तरी ह्यांची किटली सुरूच.

मग नियम आले. पार्टी भरवणाऱ्याने नोंदणी करायची, जागावाल्याने परवाना घ्यायचा. माणसं किती मावतात ते ठरवून घ्यायचं आणि त्यावर एकही आत घ्यायचा नाही. मागचं फाटक मोकळं ठेवायचं, आवाज दहाला बंद, फाटकावर मोजणारा माणूस हवा. काही घडलं तर दोघेही जबाबदार, पार्टीवाला आणि जागावाला. पालिकेच्या चकरा माझ्या गळ्यात पडल्या, कारण मी सातिवलीला एका गोदामात हिशेब बघते आणि घरात तेवढी एकच लायकी सरकारी कामाला पुरते असा समज आहे. तिथल्या रांगेत मला कोण भेटावं? विकी! हातात फाईल, गळ्यात ओळखपत्र. मला म्हणतो, "भाभी, सेफ्टी फर्स्ट." चप्पल काढणार होते, पण रांगेतला नंबर गेला असता.

आमच्या घाईला कारण होतं. माझी नणंद रीमा, मामांची धाकटी, तिचं लग्न ठरलं होतं आणि हळद तोंडावर आली होती. प्रितेश म्हणाला, "बाबा, वसईत एसी हॉल घेऊ. कटकट नको." मामांनी जेवणाचं ताट पुढे सरकवलं. म्हणाले, "माझी हळद त्याच जागेवर लागली. खळं होतं तवा तिथं. रीमाची हळद तिथंच लागंल, नायतर मी हळदीला येनार नाय." मामा असं कधी बोलत नाहीत. म्हणजे बघा.

अग्निशमन खात्याच्या रोझलिन मॅडम होत्या, उमेळ्याच्या. बाई कडक पण सरळ. त्यांनी जागा पाहिली आणि एकाच कार्यक्रमापुरती परवानगी दिली. चाचणी म्हणून. "आचारी, मांडववाले, नवरीमुलगी, सगळे धरून चारशे. मी स्वतः फाटकावर उभी राहणार. चारशेच्या वर एक जरी गेला, तरी कार्यक्रम तिथेच थांबेल आणि सील पुन्हा लागेल. मग काढायला माझ्याकडे येऊ नका." मामांनी मान डोलावली. मला हायसं वाटलं.

घरी आल्यावर कळलं की मामा सगळ्या गावाला चूलबंद आमंत्रण देऊन बसलेत!

चूलबंद म्हणजे काय ते आमच्या कराडच्या लोकांना सांगावं लागेल. ज्या घराला हे आमंत्रण, त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही. म्हातारी, पोरंबाळं, आलेले पाहुणे, सगळ्यांनी जेवायला आमच्याकडे यायचं. मी डोकं धरून बसले. "मामा, किती माणसं होतात ही?"

"शंभर-सव्वाशे चुली."

"अहो, चुली नाही, माणसं! डोकी!"

"डोकी कोन मोजतं?" मामांनी मलाच विचारलं.

मी आरडाओरडा केला. खोटं कशाला बोलू, भांडीही आपटली. मामा म्हणाले, "दिलेल्या अक्षता परत मागू? चूल बंद ठेवून आलेला मानूस उपाशी माघारी धाडू?" दोन्ही नाही म्हणत मीच तोडगा काढला. प्रत्येक चुलीला घरपोच जेवणाचे डबे जाणार, पोट भरून. हळदीला लॉनवर मात्र एका चुलीमागे तीनच माणसं. मामांना पटेना. शेवटी सासूबाईंनी एलिनाच्या पायाची आठवण काढली. मामा उठले आणि घरोघरी सांगायला गेले. परत आले तेव्हा प्रत्येक घरातून काहीतरी चोरून आणल्यासारखा चेहरा झाला होता.

आता गावात जी जुंपली! कोणत्या तिघांनी जायचं? एका घरात सासू आणि सून, दोघींनी अबोला धरला. दुसऱ्या घरात चिठ्ठ्या टाकल्या. आणि जयराम, आमच्या शेजारचा, सगळ्यांवर कडी. त्याचा आणि धाकट्या भावाचा संसार एकत्र. दोघांच्या बायका कित्येक वर्षं वेगळ्या चुलीसाठी टाहो फोडत होत्या, पण जयराम म्हणायचा, आईच्या जिवात जीव आहे तोवर घर फुटणार नाही. तर त्या जयरामने रातोरात ओसरीवर तीन दगड मांडले, त्यावर चहाचं पातेलं ठेवलं आणि सकाळी येऊन मामांना सांगितलं, "आमची चूल येगली झाली. आमची सहा मानसं." आईच पेढे वाटत होती.

हळदीच्या आधी मॅडम तयारी बघायला आल्या. मागच्या फाटकाकडे जायची वाट खुणेने दाखवा म्हणाल्या होत्या. आमचं गाव रांगोळीचं. बाण काढायचं काम पोरांकडे दिलं तर त्यांनी रात्रभर बसून अशी वाट रेखली की बघत राहावं. मोर काय, कमळं काय, बाणाच्या टोकाला चक्क समई. मॅडम म्हणाल्या, "छान. आता आग लागली असं समजा आणि पळा." मांडववाल्याची सगळी माणसं पळत सुटली ती रांगोळीपाशी येऊन खाडकन थांबली, आणि कडेकडेने, एकेक करून, कपडे सावरत जायला लागली. रांगोळीवर पाय कोण देणार? मॅडमनी कपाळाला हात लावला. पोरं रुसली, पण रांगोळी पुसून चुन्याचे साधे बाण मारावे लागले.

आणि हळदीचा दिवस उजाडला. फाटकावर मोजायला कोण? कोणीही उभं केलं असतं तरी अडवल्याबद्दल जन्माची दुश्मनी झाली असती. मामा म्हणाले, "मीच मोजीन. शिव्या खायच्या त्या मी खाईन." मॅडमनी त्यांना अंगठ्याने टिक करायचं यंत्र दिलं. पहिली टिक मामांनी स्वतःच्या नावाने केली, दुसरी सासूबाईंच्या, तिसरी रीमाच्या. माणसं मोजायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली होती. त्यांनी यंत्र खांद्यावरच्या टॉवेलखाली झाकून धरलं होतं आणि प्रत्येक टिकेला ओठांतल्या ओठांत देवीची माफी मागत होते. वरून हसत होते, "ये बाय, ये. बस. पानी घे." आणि खालून टिक.

जयराम स्वतःला धरून सहा जण घेऊन आला आणि सातवा मागे लपवला होता. मामांनी सातव्याला कॉलर धरून मागे घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि डबा देऊन घरी पाठवलं. मी बघतच राहिले. हा माणूस नाही म्हणू शकतो? चारशे झाले. फाटक लागलं. मॅडमनी मामांशी हात मिळवला. आत बेंजो वाजत होता, रीमा पिवळ्या साडीत पाटावर बसली होती, मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि यमुनाबाई उतरली.

यमुनाबाई आमची धवलारीण. आमच्याकडे लग्नाचे विधी ही बाई गाण्यांतून लावते. तिने ती गाणी, म्हणजे धवळे, धरल्याशिवाय रीमाच्या अंगाला हळद लागू शकत नाही. जुनं हाड, पण आवाज खणखणीत. गावात हिला कधी कोणी अक्षता देत नाही, कारण ती घरचीच. तिला आमंत्रण नसतं, तिला आणायला जायचं असतं. आणि घरचीला मोजणार कोण? मामांनी मोजली नव्हती, सासूबाईंनी नव्हती, आणि हिशेब ठेवणारी जी मी, तिनेही नाही. यमुनाबाई फाटकाला टेकून म्हणाली, "काय रे काळू, दार का लावलंस?"

मी आत धावले. "कोणीतरी एक जण जरा वेळ बाहेर या!" सगळे एकदम मांडवाच्या छताकडे बघायला लागले. एक म्हणाला, माझी पाठ धरलीय. एक म्हणाली, मी करवली. एकाने तर झोपेचं सोंग घेतलं, बेंजोच्या शेजारी बसून! मी म्हटलं, जा चुलीत, मीच जाते. तर मॅडम म्हणाल्या, "परवान्यावर तुमचं नाव आहे. तुम्ही आतच राहायचं."

मामा मॅडमकडे बघत होते आणि मॅडम यमुनाबाईकडे. शेवटी मॅडमच विरघळल्या. हळूच म्हणाल्या, "एक म्हातारी आहे हो. मी तिकडे तोंड करून फोन करते. तेवढ्यात काय ते बघा."

मामा नाही म्हणाले.

"नको मॅडम. बिचारी मानसं म्हनूनच मागच्या खेपेला दार उघडलं होतं. त्या पोरीला लंगडत पाय टाकताना बघितलंय मी." यंत्र त्यांनी माझ्या हातात ठेवलं, फाटक उघडलं, यमुनाबाईला हाताला धरून आत सोडलं आणि आपण बाहेर गेले. कडी बाहेरून त्यांनीच सरकवली. स्वतःच्या मुलीच्या हळदीला बाप रस्त्यावर! मला भडभडून आलं, आणि रागही आला, आणि कोणावर काढू ते कळेना.

यमुनाबाई पाटासमोर बसली, खाकरली, इकडेतिकडे बघितलं. "बाप कुठं हाय?" सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी फाटकाकडे बोट दाखवलं. म्हातारीने मांडी आणखी घट्ट घातली. "पहिली हळद आईबापाची. बापाबिगर मी तोंड उघडनार नाय."

घ्या! ती आत तर मामा बाहेर, मामा आत तर ती बाहेर. बेंजो थांबला. चारशे माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. रीमा नुसती फाटकाकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मग जयराम उठला. खुर्ची उचलली, फाटकापाशी गेला आणि मामांना म्हणाला, "ती दुसरी चूल खोटी हाय. तीन दगड हायत नुसते. तू आत जा." म्हणजे निदान एकाला तरी लाज! पण लाज म्हणजे गोवराची साथ हो. मघाशी पाठ धरलेला उठला, करवली उठली, झोपलेला जागा झाला. "मामा, तू जा, मी बाहेर बसतो." "तू कशाला, मी बसतो." धडाधडा माणसं खुर्च्या घेऊन बाहेर! आतमध्ये उरलो आम्ही चार बायका आणि बेंजोवाले, आणि जूचंद्रच्या रस्त्यावर हा जमाव. रिक्षा अडल्या, बस अडली, हॉर्न सुरू झाले. रोझलिन मॅडम किंचाळल्या, "अहो, रस्त्यावर जमायची परवानगी कुठे आहे तुमच्याकडे?"

तेव्हा मात्र माझं टाळकं सरकलं. कराडचा आवाज काढला. "एकेक जण रांगेत आत या! जयरामभावजी सोडून! आणि जो पुढे घुसेल त्याला हळदीऐवजी चुना फासेन!" आले मुकाट्याने. मॅडमनी स्वतः पुन्हा पहिल्यापासून मोजलं. सगळ्यांच्या शेवटी मामा आले. मॅडम म्हणाल्या, "चारशे," आणि फाटक लावून घेतलं. जयराम बाहेर मॅडमच्या शेजारी खुर्ची टाकून बसला. त्याला मी ताट वाढून दिलं, दोन्ही चुलींचं.

यमुनाबाईने धवळा धरला. मामा पाटासमोर गुडघ्यांवर बसले, हळदीत बोटं बुडवली आणि रीमाच्या गालाला लावली. रीमाने तो हात गालावरच धरून ठेवला.

"किती येल लावलास रे बाबा," ती म्हणाली.

"मोजत होतो गो पोरी."

"बरोबर भरली ना मानसं?"

"हितली भरली," मामा म्हणाले. "उद्या घरात एक कमी हाय."